पेढीचा टेम्पो : टायरची किंमत आणि टायरचा खर्च

चाटी गल्लीतील कापडाची पेढी असो, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील टॉवेलचा कारखाना असो वा मार्केट यार्डातील भुसार मालाचे दुकान असो, सोलापुरातील अनेक व्यापारी घराण्यांच्या दारात आज एखादा छोटा टेम्पो किंवा पिकअप उभी असते. या वाहनाच्या विम्याची तारीख मुनीमजींना पाठ असते. कर्जाचे हप्ते, इंजिनाचे तेल, चालकाचा पगार या साऱ्यांची नोंद वहीत असते. मात्र त्याच वाहनाचे टायर बदलण्याची वेळ आली की निर्णय पेढीवर होत नाही. चालक दारात येऊन सांगतो, "मालक, टायर गोटा झालेत." मालक गिऱ्हाइकात गुंतलेले असतात. "बघून घे, फार महाग नको," एवढेच उत्तर मिळते, आणि टायरवाला जो नग पुढे करील तो गाडीला चढतो.

ज्या घराण्यांत सुताच्या एका गाठोड्याच्या भावावर अर्धा तास घासाघीस चालते, त्या घराण्यांत हा निर्णय अर्ध्या मिनिटात व्हावा, हे विचार करण्याजोगे आहे. वाहनाचे महत्त्व या शहराला नवे नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच सोलापुरात, व्यापारी जैन कुटुंबात झाला. १९१९ साली सिंधिया जहाज कंपनीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, आणि १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. माल तयार करण्याइतकेच तो पोहोचवणेही मोठे आहे, ही जाण त्या पिढीच्या व्यापाऱ्यांत होती. आजच्या पेढीचा माल पोहोचतो तो चार टायरांवर, आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो सुमारे तळहाताएवढ्या जागेवर. गाडी, चालक, माल आणि समोरून येणारा अनोळखी माणूस या सर्वांची सुरक्षितता त्या चार तळहातांवर असते.

वाहन बदलले, सवय तीच राहिली

२००५ साली टाटा एस बाजारात आली आणि लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, १२ इंची चाके आणि पाऊण टन मालाची क्षमता असलेल्या या गाडीने पेठांतील अरुंद गल्ल्या सहज आपल्याशा केल्या. तीनचाकी टेम्पो मागे पडला. पुढे अशोक लेलँडची दोस्त, महिंद्रची पिकअप, मारुतीची सुपर कॅरी अशी वाहने आली. २०२२ साली टाटांनी इन्ट्रा व्ही२० ही पेट्रोल व सीएनजी अशा दोन इंधनांवर चालणारी पिकअप आणली, आणि त्याच वर्षी एस या गाडीचा विजेवर चालणारा अवतारही सादर झाला.

वाहन दोन इंधनांचे झाले, तेव्हा व्यापाऱ्याने इंधनाचा हिशेब बारकाईने मांडला. एका किलो सीएनजीत किती किलोमीटर, पेट्रोलवर किती, हे प्रत्येक मालकाच्या तोंडी असते. इंधनातील ही बचत टायरमुळे वाढू शकते आणि टायरमुळेच हातची जाऊही शकते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. कंपनीतून गाडी येते तेव्हा तिला बसवलेले टायर त्या गाडीचे वजन, गती व इंधनखर्च पाहून निवडलेले असतात. ते झिजल्यावर त्यांच्या जागी काय येते, यावर गाडीचा पुढचा स्वभाव ठरतो.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी

टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला छोट्या त्रिकोणाने किंवा इंग्रजी टी, डब्ल्यू, आय या अक्षरांनी त्यांची जागा दाखवलेली असते. वरची नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचे काम संपले. त्या वेळी खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चारचाकी वाहनांसाठी मानलेली मर्यादाही १.६ मिलिमीटरचीच आहे.

खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, धूळ आणि पाणी मिसळून निसरडा थर तयार होतो. खाच उथळ असेल तर हे पाणी निघून जात नाही, टायर त्यावर तरंगू लागतो, आणि ब्रेक कितीही चांगला असला तरी चाक थांबूनही गाडी थांबत नाही. म्हणून टायरची तपासणी मृग निघण्याआधी, चातुर्मासाची तयारी सुरू होते त्या सुमारास करून घेणे चांगले.

झिजेइतकेच वयही महत्त्वाचे आहे. टायरच्या कडेला लांबट वर्तुळात चार आकडे असतात. ‘१८२५’ असे आकडे असतील तर तो टायर २०२५ सालच्या १८व्या आठवड्यात तयार झाला. रबर उन्हाने व काळाने कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर लवकर म्हातारे होतात. नक्षी शिल्लक असली, तरी पाच-सहा वर्षांच्या टायरची जाणकाराकडून दरवर्षी तपासणी व्हावी. स्टेपनीचे बहुधा उलटे होते. ती वापरलेली नसते म्हणून नवी वाटते, आणि गरजेच्या वेळी तिच्याच कडा फाटतात.

नवा टायर घेतानाही हे चार आकडे आधी पाहावेत. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला नग सवलतीत मिळाला, तर ती सवलत टायरच्या आयुष्यातून वजा झालेली असते.

अंगावरची अक्षरे म्हणजे टायरचे खाते

टायरच्या कडेवर त्याची सारी कुंडली लिहिलेली असते. ‘१४५ आर १२ एलटी ८ पीआर’ असा मजकूर असेल तर १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १२ म्हणजे डिस्कचा इंचातील व्यास, ‘एलटी’ म्हणजे हलक्या मालवाहू वाहनासाठी बनवलेला टायर, आणि ‘८ पीआर’ ही ताकदीची प्रत. आत खरोखर आठ थर असतात, असा तिचा अर्थ नाही. आठ थरांच्या जुन्या सुती टायरइतका भार तो पेलतो, असा आहे.

यापुढे भाराचा आणि गतीचा अंक येतो, आणि व्यापाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते येथे. भाराचा अंक म्हणजे किलो नव्हे, तो ठरावीक तक्त्यातील क्रमांक आहे. ८६ म्हणजे ५३० किलो, ९७ म्हणजे ७३० किलो, १०२ म्हणजे ८५० किलो. ‘८६/८४’ असे दोन अंक असले, तर पहिला अंक एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. अंकानंतरचे अक्षर कमाल गती सांगते. ‘एन’ म्हणजे ताशी १४० किलोमीटर, ‘पी’ म्हणजे १५०, ‘क्यू’ म्हणजे १६०.

याच ठिकाणी बाजारात एक धोकादायक तडजोड होते. १२ इंची डिस्कवर छोट्या मोटारीचा १४५/८० आर १२ हा टायरही बसतो. तो स्वस्त असतो, मऊ चालतो, आणि लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. परंतु त्याचा भार-अंक ७४, म्हणजे फक्त ३७५ किलो. मागच्या दोन चाकांवर ८६ अंकाचे टायर असतील तर ती जोडी १,०६० किलो पेलते. मोटारीच्या टायरांची जोडी ७५० किलोवरच थकते. आणि या आकड्यात केवळ माल धरायचा नसतो. गाडीच्या मागच्या भागाचे वजनही त्यातच येते. चादरींची गाठोडी वा कांद्याची पोती भरल्यावर काय होईल, हे सांगायला गणिताची गरज नाही.

याबरोबर आयएसआय चिन्ह पाहावे. मालवाहू वाहनांच्या टायरांसाठी भारतीय मानक आयएस १५६३६ आहे आणि ते सक्तीचे आहे. परदेशातून आलेला म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या नगावर हे चिन्ह नसेल तर तो परत करावा. १ ऑक्टोबर २०२२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या घडणीच्या टायरांना रस्त्याशी होणारा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या कसोट्याही लागू झाल्या आहेत.

कोणत्या रस्त्यासाठी कोणती नक्षी

नक्षीचे ढोबळ दोन प्रकार सांगता येतील. एकात गोलाईच्या दिशेने उभ्या, सलग खाचा असतात. दुसऱ्यात आडव्या, खोल आणि रुंद खाचा असतात व कडेला रबराचे जाड ठोकळे असतात. उभ्या खाचांचा टायर डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यावर हलका पळतो, कमी तापतो, कमी आवाज करतो आणि इंधन वाचवतो. आडव्या खाचांचा टायर चिखलात, मुरमाच्या वाटेवर आणि खडीवर पकड ठेवतो. पण डांबरी रस्त्यावर तो जड चालतो, घरघर आवाज करतो आणि इंधन अधिक खातो.

सोलापूरच्या व्यापाऱ्याने आपल्या गाडीचा महिन्याचा मार्ग आठवावा. टॉवेल व चादरींचा व्यापारी असेल तर गाडी वसाहतीतून पेठेत, पेठेतून रेल्वे मालधक्क्यावर वा ट्रान्सपोर्टच्या गोदामात जाते. कधी पुणे-हैदराबाद महामार्गावरून नळदुर्ग-उमरग्यापर्यंत, कधी विजयपुराकडे, कधी तुळजापूरच्या घाटाने धाराशिवला. हा मार्ग बहुतांशी पक्क्या रस्त्याचा. अशा गाडीला चारही चाकांवर उभ्या खाचांचा टायर शोभतो.

धान्याच्या वा खताच्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची गाडी मंगळवेढ्याच्या शिवारात, करमाळ्याच्या वस्त्यांवर, बार्शी तालुक्यातील खळ्यांवर जाते. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील वाट साबणासारखी होते. अशा गाडीला निदान मागच्या चाकांवर आडव्या खाचांचा वा संमिश्र नक्षीचा टायर हवा. रस्त्यावर रुबाबदार दिसतो म्हणून शहरातल्या गाडीला जाड ठोकळ्यांचा टायर चढवणे म्हणजे सपाट फरशीवर खिळ्यांचे बूट घालून चालणे होय.

एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या मापांचे, एक रेडियल व एक साधा, अथवा अगदी वेगळ्या नक्षीचे टायर कधीही लावू नयेत. ब्रेक लागताच गाडी एका बाजूला ओढते. बदलायचे तर जोडीने बदलावेत.

दोन इंधनांच्या गाडीची विशेष गोष्ट

सीएनजीच्या टाक्या जड असतात आणि त्यांचे वजन गाडी रिकामी असतानाही टायरवर कायम असते. कारखान्यातूनच दोन इंधनांची होऊन आलेल्या गाडीत हे वजन धरूनच भारक्षमता ठरवलेली असते. बाहेर किट बसवून घेतलेल्या जुन्या गाडीत तसे नसते. तेथे टाकीचे जितके वजन वाढले, तितका माल कमी भरणे हाच एक प्रामाणिक मार्ग आहे.

विजेच्या गाडीत बॅटरीचे वजन तर असतेच, शिवाय जागेवरून निघताना तिचा जोर एकदम चाकावर येतो. चालकाने पायाखालचा दाब बेताने ठेवला नाही, तर मागचे टायर लवकर झिजतात. दोन्ही प्रकारच्या गाड्यांना कमी रोध असलेला, पण भाराचा अंक मूळ टायरपेक्षा मुळीच कमी नसलेला टायर घ्यावा.

टायरचा रोध साधारण १० टक्क्यांनी कमी झाला तर इंधनात १ ते २ टक्के बचत होते, असे वाहनशास्त्रात मानले जाते. हा आकडा लहान दिसतो. तो पेढीच्या भाषेत मांडून पाहू. समजा, गाडी महिन्याला २,००० किलोमीटर, म्हणजे वर्षाला २४,००० किलोमीटर चालते. किलोमागे २० किलोमीटर धरले तर वर्षाला १,२०० किलो सीएनजी लागतो. दर ९० रुपये धरला तर खर्च १,०८,००० रुपये. त्यातील २ टक्के म्हणजे २,१६० रुपये. टायर दोन वर्षे टिकला तर ४,३२० रुपये, म्हणजे जवळजवळ एका टायरची किंमत सुटली.

हीच बचत हवा कमी असलेला टायर सहज गिळून टाकतो. हवा कमी असली की टायरच्या कडा अधिक वाकतात, तापतात आणि इंधन खातात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेला रस्ता, कमी हवा आणि जास्त माल हे तिघे एकत्र आले की टायर फुटण्याची वेळ जवळ आलीच. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासावी. दाब किती ठेवायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या व भरल्या गाडीसाठी वेगवेगळे दिलेले असते. तापमान ५-६ अंशांनी वाढले की दाब सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे दुपारी दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये. सोडली तर रात्री तोच टायर उपाशी राहतो. नायट्रोजन भरला तरी तपासणी सुटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

किंमत आणि खर्च

टायरवाल्याकडे दोन नग आहेत, असे समजू. एक ३,६०० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा. दुसरा ४,४०० रुपयांचा आणि ४५,००० किलोमीटर चालणारा. पहिला घेताना ८०० रुपये वाचतात. पण किलोमीटरमागे पहिल्याचा खर्च १२ पैसे येतो आणि दुसऱ्याचा १० पैशांहूनही कमी. शिवाय पहिला टायर लवकर संपल्याने बदलण्याची मजुरी आणि गाडी उभी राहण्याचा दिवस लवकर येतो. व्यापारी ज्याला ‘पडता भाव’ म्हणतो, तो टायरलाही असतो. छापील किंमत म्हणजे केवळ त्याची पहिली ओळ.

प्रत्यक्ष टायर किती किलोमीटर चालतो, हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा पेढीची वही अधिक खात्रीने सांगते. टायर बसवला त्या दिवशीचा मीटरचा आकडा, टायरची कंपनी, नक्षी, चार आकडी तारीख आणि बिलाचा क्रमांक एवढे एका ओळीत लिहून ठेवावे. दोन जोड्या झाल्या की पुढची निवड आपोआप सोपी होते.

पक्क्या बिलाचा मुद्दाही याच वहीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मालवाहू वाहनाच्या टायरवर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट नियमित करदात्या व्यापाऱ्याला घेता येते. छोट्या प्रवासी मोटारीला असलेली मनाई येथे लागू नाही. कराशिवाय ४,००० रुपये किमतीच्या टायरवर ७२० रुपये आणि चार टायरांवर २,८८० रुपये कर होतो. बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकाने घेतले तरच हे क्रेडिट मिळते. ‘बिल नको, शंभर कमी देतो’ या बोलीत व्यापारी क्रेडिटही गमावतो आणि टायरची वॉरंटीही. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला क्रेडिट नसले, तरी वॉरंटीसाठी बिल त्यालाही हवेच.

रिमोल्ड केलेल्या, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेल्या टायरचा प्रश्न नेहमी येतो. मोठ्या ट्रकच्या टायरला तो मार्ग परवडतो, कारण त्याचा सांगाडा भक्कम आणि किंमत मोठी असते. १२ वा १३ इंची लहान टायरात होणारी बचत थोडी आणि सांगाड्याची खात्री कमी. पुढच्या चाकांवर तर असा टायर मुळीच घेऊ नये.

बसवताना आणि बसवल्यानंतर

ट्यूबचा टायर असेल तर नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घ्यावी. जुनी ट्यूब ताणलेली असते, ती नव्या टायरात घडी पडून कापते. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व नवा घ्यावा आणि डिस्कच्या कडेचा गंज साफ करून घ्यावा. चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. नाही तर नव्या टायरची एक कड दोन महिन्यांत खाल्ली जाते आणि दोष टायरवर येतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. पुढे दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे व मागचे पुढे करावेत.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते कोठे लावावेत, याविषयी मतभेद आढळतात. आपल्याकडे नवे टायर पुढे लावण्याची रीत आहे. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला मात्र ते मागे लावण्याचा आहे, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि चालकाला ती सावरता येत नाही. काहीही ठरवले, तरी एक नियम पाळावा : चिरलेला, फुगवटा आलेला वा कड फाटलेला टायर पुढे तर नकोच, मागेही नको.

गाडीत बसतो त्याचा जीव

जादा भाराच्या सवयीवर चांगला टायर हा उपाय नाही. ८ पीआरचा टायर घेतला म्हणजे पाऊण टनाची गाडी दीड टनाची होत नाही. ब्रेक, पाटे आणि स्टिअरिंग तेच राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. सणासुदीच्या घाईत एक खेप वाचवण्यासाठी घेतलेला हा धोका कोणत्याही हिशेबात बसत नाही. याच गाडीत मागे माणसे बसवून लग्नाला वा यात्रेला नेणे तर त्याहून गंभीर. मालाचे गाठोडे पडले तर त्याचा विमा उतरवता येतो.

२०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायरची तपासणी सुरू केली आणि गोटा झालेल्या टायरांची वाहने माघारी पाठवली. हा महामार्ग सोलापूरवरून जात नाही, परंतु त्या तपासणीमागचे कारण सर्व रस्त्यांना सारखेच लागू आहे. झिजलेल्या टायरचा धोका त्या गाडीपुरता राहत नाही. रस्त्यावरून सायकलने जाणारा गिरणी कामगार, वारीला निघालेली दिंडी, उसाच्या ट्रॅक्टरमागे थांबलेली दुचाकी यांनी त्या पेढीशी कधी व्यवहार केलेला नसतो, तरी जोखीम त्यांच्याही वाट्याला येते. आणि चालकाची जोखीम तर रोजची. टायर निवडण्याचा अधिकार त्याला नसतो, पैसे त्याच्या हातात नसतात, पण रात्री दोन वाजता घाटात टायर फुटला तर स्टिअरिंग त्याच्याच हातात असते. तो सांगायला येतो तेव्हा त्याचे म्हणणे तक्रार म्हणून न ऐकता बातमी म्हणून ऐकावे. गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग थरथरते, मागचा टायर रोज हवा मागतो, ही माहिती पेढीत बसून मिळत नाही.

जुन्या टायरचे काय करावे, हाही जबाबदारीचाच भाग आहे. गोटा झालेला टायर बैलगाडीला गेला तर ठीक, तेथे गती नसते. पण तोच टायर ‘अजून चार महिने चालेल’ म्हणून दुसऱ्या गरीब टेम्पोवाल्याला विकणे योग्य नव्हे. जो टायर स्वतःच्या चालकाच्या गाडीला नको ठरला, तो दुसऱ्याच्या गाडीला सुरक्षित कसा ठरेल? टायर जाळणे तर सर्वस्वी टाळावे, त्याच्या धुराने हवा विषारी होते. २०२२ पासून टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमांनुसार उत्पादकांवरही आली आहे, तेव्हा जुने टायर विक्रेत्याकडे जमा करून ते अधिकृत पुनर्वापराला जातील असे पाहावे.

येत्या रविवारी दुकान बंद असेल तेव्हा मालकाने अर्धा तास काढून गाडीभोवती एक फेरी मारावी. बरोबर चालक असावा आणि हातात वही असावी. चार टायर व पाचवी स्टेपनी यांच्यावरील तारीख, भाराचा अंक आणि खाचांची खोली लिहून घ्यावी. जो टायर नापास होईल त्याची जोडी पावसाआधी बदलावी, आणि नव्या जोडीचे बिल पेढीच्या नावाने आणून वहीत त्याच ओळीत लावून ठेवावे.